सेकंड हँड फुल फ्रेम डीएसएलआर घेताय? शटर काउंटच्या आधी या गोष्टी बघा

पेणमध्ये फोटोग्राफीला काम कमी नाही. गणपतीचे कारखाने पेण शहरात आहेत, हमरापूर-जोहे पट्ट्यात आहेत. त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायला मूर्तींचे स्वच्छ फोटो लागतात. लग्नसराईत रोह्यापासून वडखळपर्यंत हॉल बुक असतात. त्यामुळे मोबाइलवर हात बसलेली बरीच मुलं एका टप्प्यावर येऊन विचारतात, "दादा, जुना फुल फ्रेम घेऊ का? आता स्वस्त मिळतोय."

माझं उत्तर बहुतेक वेळा "घे" असंच असतं, पण एका अटीवर. जुन्या कॅमेऱ्याबद्दल इंटरनेटवर जे काही वाचाल त्यातलं निम्मं फक्त शटर काउंटबद्दल असतं. तो आकडा महत्त्वाचा आहेच. पण आपल्या कोकणात कॅमेरा शटरने मरण्याआधी दमट हवेने मरतो. म्हणून हा कॅमेरा किती चालला याच्याबरोबरच तो कुठे राहिला हेही विचारायला शिका. या लेखात दोन्ही बाजू क्रमाने बघू. मॉडेल निवडण्यापासून पैसे देईपर्यंत सगळं इथे आहे, त्यामुळे लेख सेव्ह करून ठेवा आणि कॅमेरा बघायला जाताना उघडा.

फुल फ्रेम म्हणजे काय, आणि तुम्हाला तो खरंच हवा आहे का?

जुन्या फिल्म रोलवरच्या एका फ्रेमचा आकार ३६ × २४ मिलीमीटर असायचा. तेवढाच सेन्सर असलेला डिजिटल कॅमेरा म्हणजे फुल फ्रेम. सुरुवातीच्या डीएसएलआरमध्ये सेन्सर यापेक्षा लहान असतो, त्याला एपीएस-सी किंवा साध्या भाषेत 'क्रॉप' म्हणतात. महागड्या फोनमध्ये ज्याला 'एक इंची सेन्सर' म्हणतात तो प्रत्यक्षात साधारण १३.२ × ८.८ मिलीमीटरचा असतो. गुणाकार करून बघा. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ त्याच्या सातपटीहून जास्त भरतं.

मोठ्या सेन्सरवर जास्त प्रकाश पडतो, त्यामुळे कमी उजेडात फोटो स्वच्छ येतो. एकाच काळातले दोन कॅमेरे घेतले, तर फुल फ्रेम क्रॉपपेक्षा साधारण एक स्टॉपहून थोडा पुढे असतो. म्हणजे फुल फ्रेमवर आयएसओ ६४०० ला जेवढे दाणे दिसतात, तेवढे क्रॉपवर ३२०० च्याही थोडं आधी दिसायला लागतात. कारखान्यात ट्यूबलाइटखाली डोळ्यांची आखणी चालू आहे, कारागिराचा हात हलतोय आणि फ्लॅश मारून त्याचं लक्ष विचलित करायचं नाही. अशा वेळी हा एक स्टॉप खरोखर उपयोगाला येतो.

पण फोन जे आपोआप करतो ते डीएसएलआर करत नाही. फोन एका फोटोसाठी अनेक फ्रेम घेतो आणि त्या जोडून सावल्या उजळतो. डीएसएलआर तुम्हाला एकच फ्रेम देतो. बाकीचं काम रॉ फाइल उघडून तुम्हाला करावं लागतं. तुमचे फोटो फक्त रील आणि स्टेटसपुरते असतील, तर नवीन फोन जास्त सोयीचा पडेल. पैसे घेऊन काम करायचं असेल, अल्बम छापायचे असतील, फ्लेक्सवर मूर्तीचा फोटो मोठा करायचा असेल, तरच पुढे वाचा.

इतके चांगले कॅमेरे स्वस्त का झाले?

२०१८ मध्ये निकॉनने झेड आणि कॅननने आर ही फुल फ्रेम मिररलेस मालिका आणली. त्यानंतर दोन्ही कंपन्यांचा भर तिकडेच गेला. निकॉन डी७८०, निकॉन डी६ आणि कॅनन १डीएक्स मार्क ३ हे २०२० मध्ये आलेले डीएसएलआर त्या मालिकांतले शेवटचे ठरले. व्यावसायिक फोटोग्राफर मिररलेसकडे वळले तसे त्यांचे जुने बॉडी बाजारात आले.

कॅमेरा खराब झाला म्हणून तो विकायला निघाला असं समजायचं कारण नाही. पाच-सात वर्षांपूर्वी ज्या बॉडीवर मोठी लग्नं शूट व्हायची, ती आजही तसेच फोटो काढते. मात्र कंपनी सुटे भाग कायम बनवत राहत नाही. मॉडेल जितकं जुनं, तितकी दुरुस्ती अवघड. २००८ चा कॅनन ५डी मार्क २ किंवा निकॉन डी७०० आजही सुंदर फोटो देतो, पण आत काही मोडलं तर भाग दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातूनच काढावा लागण्याची शक्यता मोठी. पहिल्यांदा घेणाऱ्याने २०१२ नंतरच्या मॉडेलवरच थांबावं, असं माझं मत आहे.

कामाप्रमाणे मॉडेल निवडा

सगळ्यात चांगला कॅमेरा कोणता, हा प्रश्न सोडून द्या. माझं काम कोणतं, तिथून सुरुवात करा.

• मूर्ती, दागिने, कॅटलॉग, निवांत पोर्ट्रेट: कॅनन ६डी (२०१२, २०.२ मेगापिक्सेल) किंवा निकॉन डी६१० (२०१३, २४.३ मेगापिक्सेल). फुल फ्रेममध्ये शिरायचा हा कमी खर्चाचा रस्ता. ६डी मध्ये फोकसचे फक्त ११ पॉइंट आहेत, पण मधला पॉइंट अंधारातही पकडतो. मूर्ती काही पळून जात नाही, त्यामुळे तेवढं पुरतं.

• लग्न, साखरपुडा, हळद: कॅनन ५डी मार्क ३ (२०१२, २२.३ मेगापिक्सेल, ६१ पॉइंट) किंवा निकॉन डी७५० (२०१४, २४.३ मेगापिक्सेल, ५१ पॉइंट). दोघांनाही दोन कार्ड लागतात आणि लग्नासाठी हीच गोष्ट सगळ्यात मोठी आहे. ६डी मध्ये एकच कार्ड आहे. ते ऐन कार्यक्रमात बिघडलं तर मंगलाष्टकं पुन्हा म्हणता येत नाहीत.

• मोठे फ्लेक्स, बारीक नक्षीकाम, जास्त क्रॉप करायची गरज: निकॉन डी८१० (२०१४, ३६.३ मेगापिक्सेल), कॅनन ५डी मार्क ४ (२०१६, ३०.४ मेगापिक्सेल) किंवा निकॉन डी८५० (२०१७, ४५.७ मेगापिक्सेल). यांच्या फाइल मोठ्या असतात. लॅपटॉप जुना असेल तर कॅमेऱ्याबरोबर त्याचाही खर्च निघेल.

• कबड्डी, क्रिकेट, पक्षी: कॅनन १डीएक्स, निकॉन डी४ यांसारखे मोठे बॉडी. ते दणकट असतात, पण वजनदार. त्यांच्या बॅटऱ्या वेगळ्या आणि महाग. पहिला कॅमेरा म्हणून मी ते सुचवणार नाही.

दोन मॉडेलबद्दल वेगळी सूचना. निकॉन डी६०० मध्ये सेन्सरवर डाग पडण्याची तक्रार इतकी वाढली की २०१४ मध्ये कंपनीने शटर मोफत बदलून द्यायची घोषणा केली. डी७५० च्या काही बॅचमध्ये शटरचा दोष होता आणि २०१५ पासून कंपनीने तेही दुरुस्त करून दिले. यातलं एखादं घेत असाल तर ते काम झालंय का, हे विक्रेत्याला विचारा. सिरियल नंबर देऊन कंपनीकडूनही खात्री करा.

कारखान्यात किंवा हॉलमध्ये काम करणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण वेगवान शटरला फोटोवर पट्टे येतात किंवा एक फोटो पिवळा आणि पुढचा निळसर येतो. ५डी मार्क ४ आणि डी८५० मध्ये फोटोसाठी हे टाळायची सोय आहे. ५डी मार्क ३ आणि डी७५० मध्ये नाही. तिथे १/५० किंवा १/१०० सेकंद शटर ठेवलं की बहुतेक वेळा काम भागतं. म्हणजे विकणाऱ्याकडे फोटोत पट्टे दिसले तर लगेच कॅमेरा खराब म्हणू नका. आधी उन्हात जाऊन फोटो काढून बघा.

तुमच्या जुन्या लेन्स चालतील का?

ही चूक फार जण करतात. कॅननच्या क्रॉप कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ही ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम बॉडीवर बसतच नाही. निकॉनची डीएक्स लेन्स बसते, पण कॅमेरा सेन्सरचा मधलाच भाग वापरतो. डी७५० वर अशी लेन्स लावली तर २४ मेगापिक्सेलचे साधारण १० राहतात. मग फुल फ्रेम घेतला कशाला?

म्हणून बजेट ठरवताना बॉडी आणि लेन्स एकत्र धरा. सगळे पैसे बॉडीत घालून वर साधी लेन्स लावण्यापेक्षा, एक पायरी खालची बॉडी आणि चांगली लेन्स हा सौदा नेहमी बरा. सुरुवातीला ५० मिलीमीटर एफ/१.८ घ्या. आपल्याकडे सगळे तिला 'फिफ्टी'च म्हणतात. हलकी, स्वस्त आणि मूर्ती-पोर्ट्रेटला उत्तम. पुढे मिररलेसकडे गेलात तरी कॅननच्या ईएफ आणि निकॉनच्या एएफ-एस लेन्स ॲडॉप्टर लावून ऑटोफोकससह चालतात. बॉडीची किंमत दरवर्षी उतरते. चांगली लेन्स मात्र टिकते.

शटर काउंट काय सांगतो आणि काय लपवतो?

डीएसएलआरमध्ये प्रत्येक फोटोला आरसा वर जातो आणि शटरचे पडदे सरकतात. ही यांत्रिक हालचाल किती वेळा झाली तो आकडा म्हणजे शटर काउंट. बाइकच्या किलोमीटरसारखा. कंपनी शटरची चाचणी किती वेळा घेते त्याचे आकडे असे:

• कॅनन ६डी: १ लाख
• कॅनन ५डी मार्क ३ आणि मार्क ४: दीड लाख
• निकॉन डी६१० आणि डी७५०: दीड लाख
• निकॉन डी८१० आणि डी८५०: २ लाख
• कॅनन १डीएक्स, निकॉन डी४: ४ लाख

हा आकडा ओलांडला की दुसऱ्या दिवशी शटर बंद पडतं असं नाही. काही त्याच्या कितीतरी पुढे जातात, काही आधीच जातात. पण काउंट या आकड्याच्या जवळ असेल तर शटर बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

बघायचा कसा? निकॉनमध्ये सोपं आहे. प्रत्येक फोटोच्या माहितीत काउंट लिहिलेला असतो. विक्रेत्याला सांगा की आज काढलेला मूळ फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती गळून जाते. मग एक्झिफ माहिती दाखवणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये तो उघडा. कॅननच्या बहुतेक बॉडी फोटोत काउंट लिहीत नाहीत. तिथे कॅमेरा यूएसबीने कॉम्प्युटरला जोडून सॉफ्टवेअरने बघावं लागतं. १डीएक्समध्ये तो मेनूत दिसतो. फोटोच्या नावातला नंबर मात्र काउंट नसतो. तो ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि हवा तेव्हा बदलताही येतो.

आता लपलेली बाजू. समजा एका फोटोग्राफरने एका लग्नात २००० फोटो काढले आणि सीझनला ४० लग्नं केली. झाले ८० हजार. दोन सीझनमध्ये दीड लाखाच्या पुढे. असा कॅमेरा खूप चाललेला आहे, हे तुम्हाला आकड्यावरून लगेच कळतं. दुसरा कॅमेरा घ्या. त्याचा काउंट फक्त २५ हजार, पण तो सगळा वेळ व्हिडिओला वापरलेला. व्हिडिओत शटर एकदा उघडतं आणि उघडंच राहतं. सेन्सर तासन् तास तापत राहतो, काउंट मात्र वाढत नाही. म्हणून कमी आकडा दिसला की पुढचा प्रश्न विचारा, "यावर व्हिडिओ किती केलाय?" बॉडीखाली गिंबलच्या प्लेटचे खोल ओरखडे असतील, एचडीएमआयचं भोक सैल झालं असेल, तर उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल.

तिसरा कॅमेरा सगळ्यात फसवा असतो. काउंट १२ हजार, बॉडी नव्यासारखी, डबा सोबत. हौसेने घेतला आणि मग चार पावसाळे कपाटात पडून राहिला.

आपल्याकडचा खरा शत्रू: दमट हवा

रायगडात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीलाही ओल असते. अशा वेळी कातडी किंवा कापडी बॅगेत बंद केलेल्या लेन्सवर बुरशी धरते. सगळे तिला 'फंगस' म्हणतात. अंधार, ओल आणि हवा न हलणं या तिन्ही गोष्टी तिला आवडतात. रोज वापरातला कॅमेरा त्यामानाने वाचतो. कपाटातला जातो.

फंगस बघायला फोनचा टॉर्च पुरतो. लेन्स बॉडीवरून काढा, दोन्ही झाकणं काढा, एका बाजूने टॉर्च तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा किंवा कापसासारखे ठिपके दिसले तर ती बुरशी. काचेवर दुधाळ धुकट थर दिसला तर तोही वाईट. चार-दोन धुळीचे कण मात्र सगळ्याच जुन्या लेन्समध्ये असतात. त्यांना घाबरू नका.

काठावर थोडी बुरशी असेल तर जाणकार माणूस लेन्स उघडून साफ करू शकतो. पण ती बराच काळ राहिली असेल तर काचेवरचा थर खाल्ला जातो आणि तो डाग कायमचा राहतो. लेन्स नीट पारखता येत नसेल, तर फंगसवाली लेन्स कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

बॉडीवर ओलीच्या खुणा या जागी शोधा:

• बॅटरीच्या कप्प्यातले धातूचे संपर्क: हिरवट-पांढरी पूड दिसते का?
• वर फ्लॅश बसतो तो हॉट शू आणि खालचा ट्रायपॉडचा स्क्रू: गंज आहे का?
• लेन्स माउंटचे स्क्रू: गंज किंवा कुणी उघडल्याच्या खुणा आहेत का?
• यूएसबी, माइकच्या भोकांवरची रबरी झाकणं उघडून आत बघा.
• व्ह्यूफाइंडरमधून पांढऱ्या भिंतीकडे बघा. काळे कण चालतात, जाळी चालत नाही.
• कार्डाचं दार उघडून वास घ्या. कोंदट, ओलसर वास खोटं बोलत नाही.

समुद्रकिनारी वापरलेल्या कॅमेऱ्याला खारी हवा लागलेली असते. अलिबाग, काशीद, मुरुडला प्री-वेडिंग शूट भरपूर होतात. तिथे वापरलेली बॉडी असेल तर बटणं आणि चाकं एकेक फिरवून बघा. पुराच्या पाण्यात गेलेला कॅमेरा मात्र कुठल्याही किमतीला नको. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूणला पाणी शिरलं तेव्हा घराघरातलं इलेक्ट्रॉनिक सामान भिजलं. भिजलेला कॅमेरा वाळवल्यावर सुरू होतोही. पण आतल्या सर्किटवर गंज हळूहळू चढत राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी तो बंद पडतो. तोपर्यंत विकणाऱ्याचा फोनही बंद असतो.

अर्ध्या तासाची तपासणी

स्वतःचं कार्ड आणि पूर्ण चार्ज केलेला फोन घेऊन जा. दिवसाउजेडी भेटा. घाई करणाऱ्याकडून घेऊ नका.

१. सेन्सर: आयएसओ १००, ॲपर्चर एफ/१६, पांढरी भिंत किंवा मोकळं आकाश, फोकस मुद्दाम बिघडवून फोटो काढा. झूम करून सगळे कोपरे बघा. मऊ काळे ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. प्रत्येक फोटोत त्याच जागी धारदार रेष दिसली तर सेन्सरवर ओरखडा असू शकतो. तसं दिसलं तर निघा. कारखान्यात वापरलेल्या कॅमेऱ्यात पीओपीची बारीक पूड हमखास सापडते, ती वेगळी गोष्ट.

२. शटर: सगळ्यात वेगवान शटरला ५डी मालिका आणि डी८५० वर १/८०००, तर ६डी, डी६१० आणि डी७५० वर १/४००० मिळतं. त्या वेगाला उन्हात भिंतीचे पाच-सहा फोटो काढा. एक बाजू काळपट येत असेल तर शटरचे पडदे थकलेत.

३. सलग फोटो: बटण दाबून ठेवून २०-३० फोटो काढा. स्क्रीनवर 'एरर' आला, आवाज मध्येच बदलला, आरसा अडकला तर पुढे जाऊ नका.

४. फोकस: वर्तमानपत्र तिरकं धरून एका ओळीवर फोकस करा. एकदा व्ह्यूफाइंडरमधून, एकदा लाइव्ह व्ह्यूवर. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचा फोकस सेन्सर वेगळा असतो, म्हणून दोन्हींत फरक येऊ शकतो. थोडा फरक मेनूतल्या सेटिंगने सुधारतो. खूप फरक असेल तर कॅमेरा पडलेला असण्याची शक्यता आहे.

५. कार्ड: दोन्ही जागांत फोटो साठवून, पुन्हा उघडून बघा. ५डी मार्क ३, मार्क ४ आणि डी८१० मध्ये एक जागा सीएफ कार्डाची आहे. टॉर्च मारून आतल्या पिना सरळ आहेत का ते बघा. डी८५० ला एक्सक्यूडी कार्ड लागतं आणि ते महाग असतं.

६. बॅटरी: कॅननच्या मेनूत बॅटरीची क्षमता तीन हिरव्या खणांत दिसते. निकॉनमध्ये तिचं वय ० ते ४ आकड्यांत दिसतं, ० म्हणजे नवी. लग्नाला जायचं असेल तर दोन चांगल्या बॅटऱ्या लागतात.

७. बाकी: प्रत्येक बटण, चाक, स्क्रीन, हॉट शूवर फ्लॅश, एक मिनिटाचा व्हिडिओ आवाजासह. मुठीचं रबर सैल झालं असेल तर घाबरू नका, ते बदलता येतं. पण त्यासाठी भाव कमी करा.

कुठून घ्यायचा?

माझ्या मते पहिला पर्याय म्हणजे आसपासचा ओळखीचा फोटोग्राफर, जो मिररलेस घेतोय. त्याने कॅमेरा कसा ठेवला ते तुम्ही डोळ्यांनी बघू शकता आणि पुढेही तो गावातच असतो.

दुसरा, मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार. पेणहून पनवेल गाठा, तिथून हार्बर लोकलने सीएसएमटी, आणि स्टेशनबाहेर चालत पाच-दहा मिनिटं. कॅमेऱ्याची आणि दुरुस्तीची दुकानं या परिसरात एकमेकांना लागून आहेत. दुकानदाराकडे भाव थोडा जास्त असेल, पण बिल आणि काही दिवसांची वॉरंटी लेखी मागता येते. पहिल्याच दुकानात घेऊ नका. तीन दुकानांत एकाच मॉडेलचा भाव विचारा, चहा प्या, मग ठरवा.

तिसरा, ऑनलाइन जाहिराती. इथे फसवणुकीचा ठरलेला साचा आहे. भाव बाजारापेक्षा फारच कमी, विक्रेता 'लष्करात आहे, बदली झाली' म्हणतो, भेटायला नकार देतो आणि आधी टोकन किंवा कुरिअरचे पैसे मागतो. कॅमेरा हातात येईपर्यंत एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

चोरीचा तर नाही ना?

जुना फोन घेताना आयएमईआय नंबर संचार साथी पोर्टलवर तपासता येतो. कॅमेऱ्याला आयएमईआय नसतो. म्हणून कागद महत्त्वाचे. मूळ बिल, डबा आणि बॉडीच्या खालचा सिरियल नंबर एकमेकांशी जुळतात का ते बघा. सिरियल नंबरचं स्टिकर खरवडलेलं असेल तर कारण विचारत बसू नका, परत या. चोरीचा माल आहे हे कळत असूनही घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

बिल हरवलं असेल तर निदान साध्या कागदावर पावती लिहून घ्या. दोघांची नावं, फोन नंबर, मॉडेल, सिरियल नंबर, रक्कम, तारीख, सह्या. पैसे यूपीआयने किंवा बँकेतून द्या, म्हणजे नोंद राहते. प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही.

खरा हिशेब मांडा

फोनवर नोट उघडा आणि बॉडीच्या किमतीखाली हे लिहा: एक लेन्स, दोन कार्ड, दुसरी बॅटरी, सेन्सर साफ करून घेणं, बॅग, ओलीपासून वाचवायचा डबा. शेवटी दुरुस्तीसाठी बॉडीच्या किमतीचा दहावा हिस्सा बाजूला ठेवा. ही बेरीज तुमच्या बजेटात बसली, तरच कॅमेरा बजेटात बसला.

घरच्यांकडून किंवा ईएमआयवर पैसे घेणार असाल तर आणखी एक बेरीज करा. येत्या सीझनमध्ये हातात नक्की असलेली कामं किती? 'कॅमेरा आला की कामं येतील' हा हिशेब धरू नका. पहिली दोन-तीन कामं भाड्याच्या कॅमेऱ्यावर करा. तुम्हाला फुल फ्रेम खरंच लागतो का, ५डीचं जवळजवळ किलोभर वजन दिवसभर पेलतं का, हे त्यातच कळेल.

घरी आणल्यावर

प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहू द्या. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करा किंवा बदला. तांदळात कॅमेरा पुरू नका, त्याची पूड आत जाते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढा, लेन्स फिरवा, चार फोटो काढा. कारखान्यात गेलात तर लेन्स आत बदलू नका, रस्त्यावर येऊन बदला.

उद्या हाच कॅमेरा तुम्ही कुणाला तरी विकणार आहात. तोही फोनचा टॉर्च घेऊनच येईल.